माहितीची जकात

"प्रश्न सातवा," सासऱ्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि वही डोळ्यांजवळ नेली. "अमावास्येला उगमाकडं उलटी वाहणारी नदी कोणती?"

मी तांब्यातलं पाणी पीत होतो, ते नाकात गेलं.

शेजारच्या पाटावर माझे साडू, माळवदे गुरुजी बसले होते. बारा वर्षं हायस्कुलात भूगोल शिकवलेला माणूस. त्यांनी प्रश्न नीट ऐकला, भुवया जवळ आणल्या आणि सरळ सांगितलं, "मामा, अशी नदी नसते. पाणी उताराकडंच जातं."

"चूक," सासरे म्हणाले. "महादेवराव, तुम्ही?"

स्वयंपाकघराच्या दारात माझी बायको, मालन, पदर खोचून उभी होती. आमच्या लग्नाला पाच महिने झाले होते. तिच्या तोंडावर असं होतं की, आता बघाच माझा नवरा.

"चांदणी नदी," मी हळूच म्हणालो. "माणदेशात."

"शाब्बास!" सासऱ्यांनी परातीतला एक अनारसा उचलून माझ्या ताटात ठेवला.

उत्तर मला येणारच होतं. ती नदी मीच वाहवली होती.

ते अधिक वैशाखाचे दिवस होते. अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारसे द्यायची रीत आहे, ती तुम्हांला ठाऊकच असेल. पण माझ्या सासरी, उरुणकरांच्या घरात अनारसे असे सुखासुखी मिळत नसत. तेहतीस अनारशांना तेहतीस प्रश्न. भूगोल, इतिहास, देवधर्म, सिनेमाची गाणी, शब्दांच्या कोलांटउड्या, काहीही विचारणार. उत्तर बरोबर आलं तर अनारसा ताटात, आणि तेहतिसावा प्रश्न होईपर्यंत कुणी तोंडाला लावायचा नाही. थोरला जावई तीन वर्षांपूर्वी एकटाच बसला होता आणि तीस मिळवून उठला होता. यंदा त्याच्यासमोर मी होतो.

आता ही वही कुठली, ते सांगायला पाहिजे. माझे सासरे दत्तोबा उरुणकर तालुक्याच्या गावाबाहेर जकात नाक्यावर कारकून. सगळं जग त्यांना आप्पा म्हणे. मी 'पोरे साउंड सर्व्हिस'चा मालक आणि ड्रायव्हरही. टेंपोत दोन कर्णे, ॲम्प्लिफायर, रेकॉर्डींच्या पेट्या घालून लग्नाच्या मांडवांना हिंडायचो. गावात शिरताना आप्पांचा नाका लागे. सरकारची पावती फाडून झाली की आप्पा स्वतःची जकात मागत.

"काहीतरी नवीन सांग. मग बांबू वर करतो."

ट्रकवाले लांबलांबचे. कुणी आपल्या गावच्या किल्ल्याचं सांगे, कुणी देवळाचं, कुणी घाटाचं. आप्पा ते चिठ्ठीवर लिहून घेत आणि घरी मालन सुवाच्य अक्षरात वहीत उतरवून काढी.

माझं ज्ञान ते काय? भूगोल म्हणजे कुठल्या गावाला वीज आहे आणि कुठं बॅटरी न्यावी लागते. इतिहास म्हणजे कुठल्या मांडवात गेल्या साली कोण कुणाच्या अंगावर धावून गेलं. पहिल्या खेपेला मी खरं तेच सांगितलं, जुनी रेकॉर्ड मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेते. आप्पा खूष. दुसऱ्या खेपेला माझा साठा संपला. तिकडं वरमाय कर्ण्याशिवाय बोहल्याकडं यायला तयार नाही, इकडं बांबू खाली. घाईत तोंडातून नदी निघाली ती उलटीच निघाली. आप्पांचा चेहरा असा उजळला की काय सांगू! बांबू वर गेला. त्यानंतर पाच वर्षं माझा टेंपो त्या नाक्यावर कधी खोळंबला नाही.

पुढं मालनसाठी दोन स्थळं आली, एक तलाठी आणि एक मी. आप्पांनी वही उघडून लेकीपुढं ठेवली. मालन म्हणाली म्हणे, "ज्याला एवढं ठाऊक आहे, त्याच्याशी बोलायला जन्मभर विषय पुरेल."

म्हणजे माझा संसार त्या वहीवर उभा होता. आणि आज ती वही माझ्यासमोर उघडी होती, शेजारी खराखुरा भूगोलाचा मास्तर.

"प्रश्न आठवा. साडेतीन शक्तिपीठांतलं अर्धं पीठ कोणतं?"

"वणीची सप्तशृंगी," गुरुजी म्हणाले. अनारसा त्यांच्या ताटात गेला. त्यांनी कळसूबाईची उंची सांगितली, पानिपतची तारीख सांगितली. पहिला मराठी बोलपट बत्तीस साली आला हे मी सांगितलं. ते मात्र खरं होतं, रेकॉर्डींच्या दुकानदारानं मला सांगितलेलं.

"उलटंसुलटं सारखंच वाचता येईल असं वाक्य सांगा. दोघांनीही."

"चिमा काय कामाची," गुरुजी.

"रामाला भाला मारा," मी.

"ती होडी जाडी होती!" आतून, चुलीपाशून आवाज आला. मामी, म्हणजे आमच्या सासूबाई, झारा हातात घेऊन दाराशी आल्या होत्या. "मलाबी द्या की एक. तळतेय मी आणि खाणार हे!"

"तू परीक्षेला बसलीयस का?" आप्पांनी विचारलं.

"लग्न झाल्यापास्नं बसलीय," मामी म्हणाल्या आणि स्वतःच परातीतला अनारसा उचलून आत गेल्या. आप्पांनी मुकाट्यानं तो त्यांच्या नावावर मांडला.

इथपर्यंत सगळं मजेत चाललं होतं. पण मग वहीतली माझी पानं एकामागून एक यायला लागली.

"पेशव्यांच्या हत्तींना सुट्टी कधी असे?"

गुरुजी गोंधळले. "हत्तींना सुट्टी?"

"चूक. महादेवराव?"

"एकादशीला," मी म्हणालो. "त्या दिवशी ते आपापले पर्वतीपर्यंत फिरून येत."

"सिनेमाचं रडकं गाणं ध्वनिमुद्रित करताना सारंगीवाल्याला काय देतात?"

"मानधन?" गुरुजींनी विचारलं.

"चूक."

"अर्धा कांदा," मी म्हणालो. माझाच आवाज मला दुसऱ्याचा वाटला.

मालन दारातून हसत होती. तिच्यामागं तिची थोरली बहीण, रत्नाक्का, उभी होती. तिचं तोंड मात्र उतरत चाललं होतं. प्रत्येक चुकीला ती नवऱ्याकडं बघायची आणि लगेच नजर जमिनीकडं वळवायची. माहेरच्यांसमोर नवरा असा आपटी खात असला की बाईला काय वाटतं, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा जवळून पाहिलं.

तीस प्रश्न झाले. माझ्या ताटात सतरा, गुरुजींच्या बारा, मामींचा एक. परातीत तीन राहिले. आप्पा तंबाखू मळायला थांबले.

तेवढ्यात माळवदे गुरुजी माझ्याकडं वळले. मला वाटलं, आता हा माणूस मला धरणार. भूगोलाचं पुस्तक काढणार. त्यांनी खिशातून पुस्तक काढलंच, पण ती त्यांची टाचणवही निघाली.

"महादेवराव," ते म्हणाले, "मला लाज वाटत नाही विचारायला. ती नदी कुठं म्हणालात? चांदणी ना? माणदेशात नेमकी कुठल्या तालुक्यात?"

"कशाला हो गुरुजी?"

"जूनमध्ये शाळा उघडली की सातवीच्या पोरांना सांगतो. बारा वर्षं मी त्यांना सांगत आलो की पाणी उताराकडं जातं. एक अपवाद आहे हे मला ठाऊकच नव्हतं." त्यांनी पेन्सिल जिभेला लावली. "आणि हत्तींचं परत एकदा सांगा. एकादशीला ना? दोन्ही एकादश्यांना की एका?"

त्यांच्या बोलण्यात उपरोध शोधून पाहिला. तिळाएवढाही नव्हता. भला माणूस खरंच लिहून घेत होता. वर आणखी म्हणाला, "तुम्ही एकदा शाळेत या. पोरांपुढं बोला. आमच्यासारखी पुस्तकातली माणसं फार, हिंडलेला माणूस मिळत नाही."

मी मालनकडं बघितलं. ती मान ताठ करून उभी होती. बोललो तर ही मान खाली जाणार. नाही बोललो तर चाळीस पोरं जन्मभर उलट्या नदीत बुडणार, आणि ह्या माणसाच्या हातानं बुडणार.

"मामा," मी म्हणालो, "ती नदी उलटी वाहत नाही."

आप्पांचा तंबाखूचा हात थांबला. "मग कशी वाहते?"

"वाहतच नाही. ती नदीच नाही."

आत तुपात अनारसा सोडल्याचा आवाज आला.

"म्हणजे?"

"नाक्यावर बांबू खाली होता आणि माझ्याकडं सांगायला काही नव्हतं. मी बनवून सांगितलं. हत्तीही. कांदाही."

आप्पांनी तंबाखू तशीच चंचीत परत टाकली. वही मिटली नाही. कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणला, कानामागची तांबडी पेन्सिल काढली. माझ्याकडं त्यांनी असं बघितलं, जसं नाक्यावर ताडपत्री घट्ट बांधलेल्या ट्रकाकडं बघत.

"माल उतरवा," ते म्हणाले.

"अं?"

"पावतीवर लिहिलंय एक आणि गाडीत भरलंय दुसरं. मग काय करतात? पूर्ण गाडी उतरवून घेतात. माझं एक एक पान निघेल. आपला नग आला की सांगायचं."

आणि खरोखरच त्यांनी पान एकपासून वही लावली. मी उतरवत गेलो. नदी उतरवली. त्यावर तांबडी रेघ, आणि तो प्रश्न आज विचारून झालेला म्हणून माझ्या ताटातला एक अनारसा परत परातीत. हत्ती उतरवले. सारंगीवाल्याचा कांदा उतरवला. सूर्याच्या सात घोड्यांपैकी शनिवारी कुठला लंगडतो, ते उतरवलं. काशीला एक गल्ली इतकी अरुंद आहे की तिथं दोघं समोरासमोर आले तर एकाला परत जन्म घ्यावा लागतो, हे वाचताना रेघ मारायच्या आधी आप्पांच्या मिशा हलल्या. पण त्यांनी रेघ मारली.

"पोटात काही ठेवू नका," ते म्हणाले.

"नाही मामा."

प्रत्येक रेघेला माळवदे गुरुजी पाटावर थोडे थोडे सरळ होत होते. दहाव्या रेघेला तर रत्नाक्का कुणी न सांगता त्यांच्यासाठी ताकाचा पेला घेऊन आली. मालन मात्र दाराच्या चौकटीला नखानं उकरत होती. तिच्याकडं बघायचं मला धाडस झालं नाही.

"पुढचं," आप्पा वाचू लागले. "वऱ्हाडात एक तळं आहे. आकाशातून मोठा धोंडा पडला, जमिनीला वाटीसारखा खड्डा पडला, त्यात पाणी साठलं. पाणी खारट आहे, कारण इतक्या लांबून धावत आल्यानं धोंड्याला घाम आला होता."

"माझंच. नग अकरा," मी म्हणालो. "मारा रेघ. सगळ्यांत मोठी थाप ती. वऱ्हाडचा ट्रक तुमच्या नाक्यावर कधी येत नाही म्हणून वऱ्हाड घातलं."

आप्पांनी पेन्सिल टेकवली.

"थांबा!" गुरुजी ओरडले. "हे खरं आहे!"

"छे हो," मी म्हणालो.

"छे काय? असं तळं आहे!"

"गुरुजी, मी स्वतः बनवलंय. कवठ्याच्या फाट्यावर पंक्चर काढता काढता बनवलंय. तुम्ही आता माझी कड घेऊ नका."

"कड कसली घेतोय! लोणार! बुलढाणा जिल्ह्यात आहे. वाटीसारखं गोल."

"गोल असेल. पण धोंडा?"

"अलीकडं शास्त्रज्ञ तेच म्हणतात. आकाशातून अशनी पडली म्हणून."

"पण पाणी तर खारट नसेल?"

"खारटच आहे!"

"अहो गुरुजी, थाप माझी आहे, मला ठाऊक नसणार का?"

"आणि तळं महाराष्ट्राचं आहे, मला ठाऊक नसणार का?"

आम्ही दोघं गुडघ्यांवर उठलो होतो. तो प्रामाणिक माणूस माझं खोटं खरं ठरवायला भांडत होता आणि मी ते खोटंच राहावं म्हणून त्याच्याशी झगडत होतो. शेवटी गुरुजी दमून म्हणाले, "घामाचं तेवढं मला माहीत नाही. बाकी सगळं बरोबर."

आप्पांनी 'घाम' ह्या शब्दापुरती बारीक रेघ मारली. मग चष्म्यावरून माझ्याकडं बघून म्हणाले, "म्हणजे जावईबापू, तुम्हांला खोटंसुद्धा धड बोलता येत नाही."

दारातून फस्सकन आवाज आला. मालन तोंडावर पदर दाबून हसत होती. तिचे खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं. मला केवढं हलकं वाटलं! आता काय वाटेल ते होवो, ही हसली.

"आहे अजून?" आप्पांनी विचारलं.

"एक आहे मामा. पुढं असेल कुठंतरी."

त्यांनी पान उलटलं. वाचायला लागले आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. "यमाचा रेडा डबक्यात बसला की तो उठेपर्यंत यमाला जागचं हलता येत नाही. त्या दिवशी कुणी मरत नाही."

"हां, तेच," असं म्हणायला मी तोंड उघडलं, आणि दाराकडं नजर गेली.

मालन हसायची थांबली होती. ती माझ्याकडं बघत होती आणि मान हलवत होती. इतकी थोडी की माझ्याशिवाय कुणाला दिसली नसती. नाही. हे नाही.

मला काही कळलं नाही. पण बायकोचं ऐकायला कळावंच लागतं असं नाही.

"हे माझं नव्हे, मामा," मी म्हणालो. "हे खरं आहे."

गुरुजींनी मान वर केली. "कुठल्या पोथीत आहे हे?"

मी पोथी शोधायला लागणार, तोच आप्पा म्हणाले, "हे मी स्वतः तपासलंय." त्यांनी तांबडी पेन्सिल कानामागं ठेवली आणि वही मिटली. "जाऊ द्या गाडी."

तेवढ्यात मामी शेवटचा घाणा घेऊन बाहेर आल्या. "झाला का न्हाई तुमचा बाजार? आणि ह्यांच्या ताटातले कमी कसे झाले?"

"जावईबापूंनी सात परत केले," आप्पा म्हणाले.

"का बरं? जळके होते?"

"नाही, कच्चे होते."

"माझे अनारसे कच्चे?" मामींनी असा आवाज लावला की माझ्या कर्ण्यांनी मान खाली घालावी. मग त्यांनी ओंजळभर गरम अनारसे माझ्या ताटात ओतले आणि सगळे खाऊन होईपर्यंत समोरून हलल्या नाहीत. परीक्षा गुरुजींनी जिंकली, पोट माझं भरलं.

उन्हं कलल्यावर आम्ही टेंपोतून परत निघालो. मालन शेजारी, मांडीवर शिदोरीचा डबा. गावाबाहेर आल्यावर मी विचारलं, "रागावलीस?"

"पहिल्या दहांवर रागावलेय," ती म्हणाली. "अकराव्यासाठी मला लोणारला न्यायचं. आधी बघून यायचं, मग बोलायचं, असं चालू करा आता."

"आणि बारावं?"

तिनं मांडीवरच्या डब्याचं झाकण घट्ट दाबलं.

"चार वर्षांपूर्वी आई सरकारी दवाखान्यात होती. विषमज्वर. डॉक्टर म्हणाले होते, आजचा दिवस निघाला तर निघाली. पाऊस लागून राहिलेला. दुपारी आप्पा नाक्यावरून आले आणि मला म्हणाले, मालन, आज साउंड सर्व्हिसवाल्यानं असं असं सांगितलं बघ."

मला आठवलं. श्रावणातल्या कुठल्याशा पूजेला निघालो होतो. नाक्याच्या पुढ्यात डबक्यात एक रेडा बसला होता आणि हॉर्नला दाद देत नव्हता. त्यावरनं सुचलेलं, सहज. आप्पा त्या दिवशी हसले नव्हते, एवढं आठवलं. घरचं मला काय ठाऊक असणार?

"मग मी दवाखान्याच्या मागं गेले," मालन म्हणाली. "तिथं एक रेडा बसला होता पाण्यात. मी छत्री घेऊन त्याच्यासमोर उभी राहिले. त्यानं उठायची हालचाल केली की कुणाच्या तरी गंजीतली वैरण उपसून पुढं टाकत होते. संध्याकाळी सातपर्यंत उठू दिला नाही त्याला. मग रत्नाक्का धावत आली, आईनं डोळे उघडले, चहा मागतेय म्हणून."

टेंपो मी कधी थांबवला ते मला कळलं नाही. पलीकडच्या शिवारात कुणीतरी बैलांना हाका देत होतं.

"म्हणजे थाप आहे हे तुला ठाऊक होतं?"

"सोळा वर्षांची होते, खुळी नव्हते," ती म्हणाली. "वैरण टाकतानाच ठाऊक होतं. चला आता, गाडी काढा."

मामी पुढं एक्याण्णव वर्षांच्या होऊन गेल्या. औषधं होती, डॉक्टर चांगले होते, त्यांचा मान मी कुणापासून हिरावून घेत नाही. मी आपला एवढंच म्हणतो, त्या दिवशी यम आलाच असता तर कशावर बसून आला असता?